सव्वा मुठीचे रोट आणि शंभर किलोंचा पट्टा

गोडादरा, सुरत
बुधवार

आदरणीय निंबानाना यांना तुमचा धाकटा चुलतभाऊ योगराज सुरतेहून गुडघे टेकून नमस्कार करतो. (पूर्वी साष्टांग घालायचो. मधल्या काळात पोटामुळे आठांपैकी फार तर तीन अंगं जमिनीला लागायची. आता पोट थोडं उतरलंय, पण सवय मोडली ती मोडलीच.) मोतीबिंदूचा डोळा कसा आहे? पाणी येतं का अजून? सरलावहिनींची साखर किती निघाली? गाय व्यायली असं कळलं, गोऱ्हा की कालवड ते कुणी सांगितलं नाही. इकडे सुषमा, हर्षदा आणि मी तिघंही बरे आहोत. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण तुम्ही फोनवर दुसऱ्या वाक्याला "बरं, ठेव" म्हणता, आणि माझी गोष्ट दोन वाक्यांत बसणारी नाही.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र नूतन वाचून दाखवत असणार. ती घरात नवी सून, तिला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मी हजीऱ्याला एका कारखान्यात उंचावरचं काम करतो. लोखंडी तुळया, पाइप, मोठमोठे व्हॉल्व्ह दोर आणि साखळीनं वर चढवायचे आणि वर बसून जागेवर बसवायचे. बावीस वर्षं झाली. जोडीला विकास असतो, हिंगणघाटचा. मी वर असलो की दोर त्याच्या हातात, तो वर असला की माझ्या हातात. वर जाताना कमरेला आणि खांद्याला सेफ्टीचा पट्टा बांधतात. त्या पट्ट्याला आतल्या बाजूनं बोटभर चिंधी शिवलेली असते आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा पट्टा शंभर किलोपर्यंतच्या माणसासाठी आहे. बावीस वर्षांत ती चिंधी कुणी वाचली नव्हती. जूनमध्ये नवे सेफ्टीचे साहेब आले आणि त्यांनी ती वाचली. (वाचणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून धाक आहे.) सगळ्यांना काट्यावर उभं केलं. मी एकशे सहा भरलो. हुकूम झाला की तोपर्यंत जुना पास चालेल, श्रावणी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी सगळ्यांचं पुन्हा मेडिकल, शंभरच्या आत आलास तर उंचीचा पास, नाही तर खाली. खाली म्हणजे गेटजवळच्या शेडमध्ये बसून नट-बोल्ट निवडायचे. नाना, मी खाली राहू शकत नाही हो. वर गेलं की मला समुद्र दिसतो, तापी त्याला मिळते ते दिसतं, आणि मी कुणीतरी आहे असं वाटतं. खाली मी गोडादऱ्याचा एक जाडा माणूस आहे.

तर वजन उतरवायचं ठरलं. कारखान्याच्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या लेकीहून, हर्षदाहून, फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्या म्हणाल्या, काही औषध नको, घरचं साधं जेवण जेवा. मी म्हटलं, बाई, घरचं साधं जेवूनच एकशे सहा झालोय. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फक्त हळू, बहिऱ्याला सांगावं तसं. आणि इथून माझा घोळ सुरू झाला. कारण साधं म्हणजे काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सुषमाला म्हटलं, साधं कर. तिनं ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, म्हणजे रोजचंच, आणि चटणीवर तेलाची धार धरली ती मी "बस" म्हणेपर्यंत. (मी बस म्हणायला नेहमीच उशीर करतो.) दुसऱ्या दिवशी तेल नको म्हटलं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेनना कळलं तेव्हा त्या स्वतः पातेलं घेऊन वर आल्या, म्हणाल्या, साधं म्हणजे खिचडी, एकदम हलकी. खिचडीच्या मधोमध खळगा होता आणि खळग्यात तूप होतं, गावच्या डबक्यात म्हैस बसेल एवढं. मी तुपाकडे बोट दाखवलं तर त्यांचं म्हणणं असं की तूप नसलं तर खिचडी जड पडते. हर्षदाच्या लेखी साधं म्हणजे ओट्स, जे मी सर्कशीतल्या घोड्याला देताना पाहिले आहेत. तिच्या मोबाईलमध्ये ताटाचा फोटो काढला की कॅलरी सांगणारं काहीतरी आहे. त्याला मी ज्वारी-उडदाची काळपट कळण्याची भाकरी दाखवली, तर त्यानं तिला चॉकलेट केक ठरवलं आणि माझी अर्ध्या दिवसाची कॅलरी त्यातच संपवली. विकासला विचारलं तर तो म्हणाला, आमच्याकडं साधं म्हणजे वरण, भात, भाजी, पोळी, त्यात काय विचारायचं, आणि मग दोन्ही वेळा दोनदा वाढून घ्यायचं.

मला कुणाचंच मन मोडवेना. मी सगळ्यांचं साधं थोडं थोडं खाऊ लागलो. त्यामुळे दिवसातून चार-पाच साधी जेवणं झाली आणि पहिल्या आठवड्यात वजन एक किलो वाढलं. डॉक्टरीणबाईंनी मला काय काय खाल्लं ते लिहून आणायला सांगितलं, ते वाचलं, आणि म्हणाल्या, काका, कुठल्यातरी एकाचं साधं धरा. मग मी सुषमाचं धरलं, धार वगळून. सकाळी एक भाकरी, वाटीभर डाळ, पोकळा नाहीतर मेथी भरपूर, काकडी. संध्याकाळी सातच्या आत तेच. चहाला साखर अर्धी. रविवारी सकाळी सगळं सुरत फाफडा-जलेबीच्या गाडीपुढे उभं असतं तेव्हा मी घरात काकडी चावत बसायचो. "सुरतचं जमण आणि काशीचं मरण" असं इकडे आपल्या जेवणाबद्दल अभिमानानं म्हणतात. म्हण करणाऱ्यानं पट्टा बांधलेला नसणार.

वजन पाहायचं हाही एक वेगळाच गोंधळ. घरी हर्षदानं आणलेला काचेचा काटा आहे, तो फरशी बदलली की वजन बदलतो. म्हणून मी दर रविवारी कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात जायचो, तिथे पोती मोजायचा मोठा काटा आहे. मालक मला दोन पोत्यांच्या मध्ये उभा करायचे, आकडा पाहायचे आणि सवयीनं बारदानाचे सहाशे ग्रॅम वजा करून मोठ्यानं सांगायचे. (बारदान म्हणजे रिकामं पोतं, नूतन. माझं बारदान कुठलं हे विचारायचं धाडस मी केलं नाही.) तीन काट्यांवर तीन वजनं यायची आणि मी कुठल्या वजनाचा माणूस आहे हे मला कळेनासं झालं. पण उतरत होतं हे खरं. कानबाईच्या सणाआधीच्या शनिवारी कारखान्याच्या काट्यावर शंभर किलो चारशे ग्रॅम. नऊ दिवस हातात आणि चारशे ग्रॅमचा प्रश्न. त्या दिवशी मी वर बसून एकटाच हसलो.

आणि मग नाना, कानबाई आली. (नूतन, तुझ्या माहेरी नसेल तर सांगतो, कानबाई ही आपली श्रावणातली खानदेशी देवी आणि रोट म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या.) तुम्ही आषाढातच फोन केला होता की डोळ्याचं ऑपरेशन झालंय, चुलीपुढं बसायचं नाही, तेव्हा यंदाचे कुळाचे रोट सुरतेला योगराजकडे. मी हो म्हटलं, नाही कसं म्हणणार. तुम्ही भाऊबंदकीतल्या पुरुषांची यादी पाठवली. चौतीस नावं. त्यात सागरचा तीन महिन्यांचा मुलगा, ज्याला अजून एक दात नाही पण वाटा पूर्ण आहे. त्यात उखाआबाही होते, ज्यांना जाऊन चार वर्षं झाली. मी फोन करून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, असू दे, ते कधी जेवण सोडून उठले नाहीत. बरं, माणशी सव्वा मूठ धान्य घ्यायचं आणि मूठ घरातल्या मोठ्या पुरुषाची. इथे तो मी. बावीस वर्षं दोर ओढून माझा पंजा फावड्यासारखा झालाय. सुषमा शेजारी बसून मोजत होती आणि विसाव्या नावाला म्हणाली, "जरा आखडती भरा ना." मी म्हटलं, देवीच्या कामात हात आखडू नये. हे वाक्य पुढे आठवडाभर तिनं मला रोज ऐकवलं. गहू आणि चण्याची डाळ मिळून साडेसात किलो भरलं, ते सुद्धा धान्याच्या दुकानातल्या काट्यावर, बारदान वजा करून.

तुमचा हिशेब असा होता की सुरतेतली सगळी भाऊबंदकी येईल. आले गोपाल आणि त्याची बायको, पलसाण्याहून. गोपालला पित्ताचा त्रास, तो दीड पुरणपोळी खाऊन पोट धरून बसला. सागरकडच्यांनी सासुरवाडीची कानबाई धरली. बाकी पुणे, नाशिक, संभाजीनगरहून सगळ्यांनी मोबाईलवर हात जोडल्याची चित्रं पाठवली. तरी रविवार फार छान झाला, हे सांगायलाच पाहिजे. सुषमानं कानबाई इतकी देखणी मांडली की हंसाबेन दारात उभ्या राहून रडल्या. बायांनी फुगड्या घातल्या, हर्षदासुद्धा मोबाईल ठेवून नाचली. मी त्या दिवशी पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी असं सगळं देवीचं म्हणून खाल्लं आणि मला फार दिवसांनी पोट भरल्यासारखं वाटलं. सोमवारी सकाळी तापीत विसर्जन केलं, घरी आलो, आणि सुषमानं पिठाचा डबा उघडून दाखवला. डबा जवळजवळ तसाच होता. शेजारी पुरणाच्या डाळीचं पातेलं.

नियम तुम्हीच शिकवलेत. पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत रोट संपले पाहिजेत. भाऊबंदांखेरीज कुणाच्या तोंडी लागता कामा नयेत. उरले तर खड्डा करून पुरायचे. पौर्णिमा शनिवारी. घरात खाणारी माणसं तीन, त्यात हर्षदाचा ओट्सवर हट्ट. म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी पुरायचं ठरवलं. पण नाना, गोडादऱ्यात माती कुठे आहे? आमची बिल्डिंग, पुढचा बोळ, मागचा बोळ, सगळं सिमेंट. फक्त सोसायटीच्या गेटजवळ हातभर मातीचा पट्टा आहे. मी खुरपं घेऊन तिथे बसलो आणि खणायला लागलो तेवढ्यात सोसायटीचे प्रमुख आले. त्यांना वाटलं मी झाड लावतोय. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दहा-बारा जणांना बोलावलं, कुठूनतरी लिंबाचं रोप आणवलं, माझ्या हातानं लावलं आणि फोटो काढला. पिशवीतलं रोटांचं पीठ मी पाठीमागे धरून उभा होतो, फोटोत दिसत नाही. आता मी सोसायटीच्या वृक्षारोपण समितीत आहे आणि दर मंगळवारी त्या रोपाला पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे.

मग उरला एकच मार्ग. गेल्या बुधवारपासून सुषमा पहाटे उठून पोळ्या करायची, मी डब्यात भरून कामावर न्यायचो, आणि शनिवारी चंद्र उगवायच्या आत शेवटचा घास संपला. आपल्या घरचे रोट आपल्या घरीच संपले, तेव्हा तुम्ही काळजी करू नका. सोमवारी मी मेडिकलला गेलो. काट्यावर चढलो आणि डोळे मिटले. नव्याण्णव किलो सहाशे ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी मला उतरवून पुन्हा चढवलं, तरी तेच. त्यांनी विचारलं, आठवडाभर काय खाल्लंत? मी म्हटलं, पुरणपोळ्या. त्यांनी काट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि पासवर सही केली. त्यांना हे कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कळलं नाही. कानबाईची कृपा म्हणायची, दुसरं काय. सगळ्या थोरामोठ्यांना नमस्कार सांगा, लहानांच्या डोक्यावरून माझा हा जाडा हात फिरवा, आणि डोळ्यात थेंब घालायला विसरू नका.

तुमचा,
योगराज

ता. क. पत्र बंद करताना सुषमानं वाचलं आणि म्हणाली, हे गावात सगळ्यांना वाचून दाखवतील, मग सरलावहिनी वजन उतरवायला पुरणपोळ्या खायला लागतील, त्यांना साखर आहे. म्हणून लिहितो की पुरणपोळीनं वजन उतरत नाही. कृपा करून कुणी खाऊ नये.

ता. क. २. यापुढचं नूतनला वाचू देऊ नका. भिंग घ्या आणि स्वतः वाचा, दोन दिवस लागले तरी चालेल. (नूतन, तू वाचतेच आहेस हे मला माहीत आहे. निदान वहिनींना सांगू नकोस.) नाना, रोट मी खाल्ले नाहीत. बुधवारी डबा उघडला, सोळा पोळ्या होत्या, आणि मला घास उचलवेना. प्रत्येक पोळीत मला ते गेटजवळचं शेड दिसत होतं. शेजारी विकास कँटीनची पातळ आमटी घेऊन बसला होता. त्याची ज्योती बाळंतपणाला माहेरी गेलीय. त्यानं विचारलं, भाऊ, एक घेऊ का? मी अख्खा डबा त्याच्याकडे सरकवला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, चार दिवस. कुळाचे रोट आहेत हे मी त्याला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यानं हात लावला नसता. त्याचंही मेडिकल त्याच सोमवारी होतं. जूनमध्ये तो अठ्ठ्याण्णव भरला होता. हे दोन्ही मला माहीत होतं. मला समजत होतं आणि मी डबा सरकवत होतो. सोमवारी माझ्यामागून तो काट्यावर चढला. शंभर किलो सातशे ग्रॅम. त्याचा पास महिनाभर बंद झाला. आज तिसरा दिवस, तो शेडमध्ये नट-बोल्ट निवडतोय. मी वर आहे. खाली माझा दोर एका नव्या माणसानं धरलाय, त्याचं नावही मला नीट येत नाही. इतक्या वर्षांत वरून खाली बघायची मला कधी गरज पडली नव्हती, आता मी सारखा बघतो. काल जेवायच्या सुट्टीत शेडमध्ये गेलो आणि विकासला सगळं सांगून टाकलं. रोट, कुळ, चंद्र, माझे चारशे ग्रॅम, सगळं. मला वाटलं तो शिव्या देईल. तो हातातला बोल्ट खोक्यात टाकून म्हणाला, "सांगाचं होतं ना भाऊ. खाल्लं तर असतंच, पण आंघोळ करून खाल्लं असतं."

ता. क. ३. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. पुढच्या वर्षीच्या यादीत पस्तिसावं नाव विकासचं लिहा. तो आपल्या गावचा नाही, कुळाचा नाही, जिल्ह्याचाही नाही, हे मला समजतं. पण तुमच्या यादीत दात नसलेलं पोर चालतं, वारलेले उखाआबा चालतात, मोबाईलवर हात जोडणारे बावीस जण चालतात. हा माणूस चार दिवस आपले रोट खाऊन खाली बसलाय. तुम्ही हो म्हणालात तर मी परक्याला दिलं असं होणार नाही, भावाला दिलं असं होईल. त्याला खाली बसवलं ते पाप माझं मी फेडीन, त्यात तुम्हाला ओढत नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात, तरी पुढच्या श्रावणात त्याच्या नावाची सव्वा मूठ मी भरणारच आहे. विचारतोय ते एवढ्यासाठीच, की या वेळी लपवून करायचं नाही.